विश्लेषण : तरुण डॉक्टरांच्या संशोधनाला निधी आहे, पण वेळ कोण देणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी 'बायोमेडिकल रिसर्च करिअर प्रोग्राम'च्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद असून, त्यातील एक हजार कोटी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ५०० कोटी ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट देणार आहे. संशोधनात नुकतेच पाऊल टाकणाऱ्यांसाठीची देशातील महत्त्वाची फेलोशिप याच कार्यक्रमातून दिली जाते. एमडी, एमएस झालेले डॉक्टरही तिच्यासाठी अर्ज करू शकतात. मात्र सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण डॉक्टरसाठी हा अर्ज भरणे वाटते तितके सोपे नाही. त्याची कारणे निधीपेक्षा वेगळी आहेत.

ही फेलोशिप नेमकी काय आहे?

जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये 'इंडिया अलायन्स'ची स्थापना केली. तिच्या 'अर्ली करिअर' फेलोशिपमध्ये पाच वर्षांचे वेतन आणि संशोधनाचा खर्च मिळतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी एक आणि डॉक्टर तसेच सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील उमेदवारांसाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या योजना आहेत. दुसऱ्या योजनेत डॉक्टरकडे पीएचडी असलीच पाहिजे असे नाही. उमेदवाराचे वय पाहिले जात नाही, त्याचा अनुभव पाहिला जातो. भारतीय नागरिकत्वाचीही अट नाही. काम मात्र भारतातील, नफा न कमावणाऱ्या संस्थेत करावे लागते. म्हणजे नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी रुग्णालयातील डॉक्टरला आधी अशी यजमान संस्था शोधावी लागते.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा का?

एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे, एमडी किंवा एमएस तीन वर्षांचे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती टाळायची तर पदव्युत्तर पदवीसाठी ५० लाख रुपयांचा दंड आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी एकही वर्ष वाया न घालवता यातून बाहेर पडेपर्यंत साडेसत्तावीस वर्षांचा होतो. 'नीट-पीजी'च्या तयारीत एक-दोन वर्षे गेली, की तिशी येते. सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन वर्षे. विज्ञान शाखेतील संशोधकाची पीएचडी ज्या वयात संपत आलेली असते, त्या वयात डॉक्टरचे प्रशिक्षणच सुरू असते. अशा वेळी वयाची कडक अट घातली, तर डॉक्टर आपोआप बाहेर फेकले जातात. केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या 'प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट'मध्ये तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. मात्र त्यासाठी वयोमर्यादा आहे.

अर्जाचे टप्पे कोणते?

आधी प्राथमिक अर्ज मागवला जातो. त्यातून निवडलेल्यांनाच सविस्तर अर्ज करता येतो. तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो आणि शेवटी निवड समितीसमोर मुलाखत होते. अर्जात संशोधनाचा प्रश्न, पद्धत, किती रुग्णांचा अभ्यास करणार आणि तेवढेच का, खर्चाचा अंदाज, मार्गदर्शक कोण, हे सारे मांडावे लागते. त्यासोबत यजमान संस्थेची लेखी हमी लागते.

परीक्षकांचा पहिला प्रश्न साधा असतो : याचे उत्तर मिळाले तर रुग्णाच्या उपचारात काय बदलेल? 'आमच्या रुग्णालयातील मधुमेही रुग्णांचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'पायाची जखम असलेल्या मधुमेही रुग्णांना परिचारिकेने दर आठवड्याला फोन केला, तर पाय कापण्याची वेळ कमी जणांवर येते का?' हा प्रश्न झाला. त्यात कोणावर, काय आणि कशासाठी हे स्पष्ट आहे, शिवाय उत्तर मोजता येते.

मंजुरी मिळाली तरी काम लगेच सुरू होत नाही. माणसांवरील कोणत्याही संशोधनाला आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया'मध्ये नोंदणी करावी लागते. परदेशी भागीदार असेल तर आणखी एक मंजुरी घ्यावी लागते.

मग अडते कुठे?

संस्थेच्या हमीपत्रावर. हा डॉक्टर पुढील पाच वर्षे मुख्यतः संशोधन करेल, त्याला जागा आणि सुविधा मिळतील, असे संस्थेने लिहून द्यायचे असते. सरकारी महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, शस्त्रक्रिया, रात्रपाळी, विद्यार्थ्यांचे वर्ग आणि परीक्षा असा सगळा भार उचलत असतो. त्याला संशोधनासाठी सोडले, तर त्याची ओपीडी कोण पाहणार, हा विभागप्रमुखाचा प्रश्न चुकीचा नसतो. त्यात पद कंत्राटी असेल, तर काही महिन्यांची नेमणूक असलेल्या माणसाबद्दल पाच वर्षांची हमी देणार कोण? कायम पदावर असलेल्याच्या डोक्यावर बदलीची टांगती तलवार असते.

दुसरीकडे, बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध आणि संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम बंधनकारक आहे. संशोधनाची सक्ती आहे, पण त्यासाठी वेळ राखून ठेवलेला नाही. मग झटपट होणारे, जुन्या केसपेपरवर आधारलेले अभ्यास निघतात. बढतीचा रकाना भरतो, पण उपचारात काही बदलत नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो का?

डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील शोधनिबंधांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील ३३२ संस्थांच्या, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक संस्थांच्या नावावर या काळात एकही शोधनिबंध नव्हता. केवळ २५ संस्था वर्षाला शंभरहून अधिक निबंध प्रसिद्ध करत होत्या आणि देशातील एकूण निबंधांपैकी ४० टक्के त्यांचेच होते. फेलोशिपचा अर्ज भरताना मार्गदर्शक, संख्याशास्त्रज्ञ आणि प्रशासकीय मदत याच मोजक्या संस्थांत हाताशी असते. त्यामुळे खुल्या स्पर्धेतही जिल्ह्याच्या ठिकाणचा उमेदवार मागून सुरुवात करतो.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा 'के २३' हा पुरस्कार रुग्णांवर संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. तो घेणाऱ्याचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल लेक्चरर' या पदावर निम्मा वेळ रुग्णसेवा आणि निम्मा संशोधन, अशी विभागणी पदातच केलेली असते. म्हणजे वेळेचा प्रश्न विभागप्रमुखाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

रुग्णांचा यात काय संबंध?

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. रुग्णालय दूर असताना गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली तर मृत्यू कमी होतील का, हे ३९ गावांत तपासले गेले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. पुढे हीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या अतिदक्षता विभागात बसून सुचणारा नव्हता. सर्पदंश, सिकलसेल, कुपोषण यांचे रुग्ण जिथे रोज येतात, तिथल्या डॉक्टरलाच असे प्रश्न दिसतात. तोच अर्ज करू शकला नाही, तर ते प्रश्न विचारलेच जात नाहीत.

पुढे काय?

इच्छुक डॉक्टरांनी जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर आधी तयारी सुरू करणे हिताचे. प्रश्न एका वाक्यात मांडणे, संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीपासून सोबत घेणे, स्वतःच्या रुग्णालयातील नोंदींतून प्राथमिक माहिती गोळा करणे आणि यजमान संस्थेशी वेळेबाबत आधीच स्पष्ट बोलणे, हे यातले मुख्य टप्पे. स्वतःच्या संस्थेत मार्गदर्शक नसेल, तर दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक शोधता येतो.

उरलेले काम मात्र एकट्या डॉक्टरच्या हातातले नाही. फेलोशिप मिळालेल्या शिक्षकाच्या जागी बदली डॉक्टर नेमणे, त्या काळात त्याची बदली न करणे आणि हा कालावधी सेवेत धरणे, हे निर्णय राज्य सरकार घेऊ शकते. दिल्लीत मंजूर झालेल्या १,५०० कोटींतून महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालयांच्या वाट्याला काय येणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरेल.