साडेचार तासांत लंडन?

गेल्या जानेवारीत आमच्या चौथीच्या वर्गात चांगलंच भांडण जुंपलं. एका मुलीचे बाबा कंपनीच्या कामाला लंडनला गेले होते. ती म्हणाली, "बाबांचं विमान मुंबईहून दुपारी एकला निघालं नि संध्याकाळी साडेपाचला लंडनला उतरलं. साडेचार तासांत!"

झालं! मागच्या बाकावरून 'थापाडी, थापाडी' सुरू झालं. मीही घाईघाईत म्हणून गेले, "अगं, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल." ती रडवेली होऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिकिटावरच्या वेळा वहीत उतरवून आणल्या. अगदी तिनं सांगितल्या तशाच! खाली परतीच्या वेळाही होत्या : लंडनहून सकाळी दहा, मुंबईला रात्री साडेबारा. म्हणजे जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा! आता चक्रावायची पाळी आमची.

मग कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ झटकली आणि त्यावर बॅटरीचा उजेड पाडला. गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला की आपला देश आधी उजेडात येतो, लंडन मागाहून. म्हणून हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. (उन्हाळ्यात ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.) आपल्याकडे दुपारचा एक, तेव्हा लंडनला सकाळचे साडेसात. साडेसात ते साडेपाच किती? दहा तास! आणि परत येताना लंडनचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. तिथून रात्री साडेबारापर्यंत नऊ तास.

एका पठ्ठ्यानं तर घड्याळांचा फरक न धरताच गणित सोडवलं. साडेचार अधिक साडेचौदा, एकोणीस. त्याचे निम्मे साडेनऊ. फरक जाताना वजा होतो नि येताना मिळवला जातो, म्हणून बेरजेत तो उरतच नाही. मला नव्हतं हो सुचलं!

पण जाताना दहा आणि येताना नऊ, हे कसं? मोहोपाड्याहून सायकलने येताना वारा समोरून असला की कशी दमछाक होते! विमानाचंही तसंच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिकच जोरात असतात. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. शिवाय कुठे युद्ध पेटलं की विमानांना वळसा घालावा लागतो, तेव्हा वेळ आणखी वाढतो.

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. कैरो, जिनिव्हा असे मुक्काम करत ते १० जूनला पोहोचलं. त्या प्रवाशांनी वाटेत किती वेळा घड्याळाचे काटे मागे केले असतील कोण जाणे! तरीही बोटीच्या दोन-तीन आठवड्यांपुढे ही चैनच.

त्या दिवशी फळ्यापाशी उभं राहून मी म्हटलं, "हिचं बरोबर होतं, चूक बाईंची." मागच्या बाकावर एकदम शांतता! आणि तिनं काय करावं? खडू घेतला आणि फळ्यावर नवं गणित घातलं. तेच तुम्हाला देते : 'बाबा लंडनला रात्री नऊला जेवून फोन करतात, तेव्हा रसायनीत किती वाजलेले असतात, आणि आई का रागावते?'