परसांतील निर्गुडी

विहिरीचें पाणी आटूं लागलें म्हणजे आधीं गुरांचा व मग भाजीच्या वाफ्यांचा विचार करावा लागतो. असें असतां परसाच्या कडेस नित्य पाणी मागणारीं शोभेचीं झुडपें लावण्याची चाल वाढत आहे, ती आम्हांस इष्ट वाटत नाहीं. त्या जागीं निर्गुडी लावावी, असें आमचें शेतकरीबंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.

ओढ्याकाठचें हें रानटी झुडूप दाराशीं कशाला, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ निर्गुडीस तुळशीच्याच कुळांत गणतात. आणि येथील उन्हाळे जें झुडूप स्वतःच्या बळावर सोसत आलें, तेंच आपल्या परसास योग्य. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून दाट लावल्यास कुंपण चांगलें होतें व दरसाल बाभळी-बोरी तोडण्याचे श्रम वांचतात. निळसर फुलांवर मधमाशा येतात. सुजेवर पाल्यानें शेकण्याचा व धान्यांत वाळला पाला घालण्याचा परिपाठ तर वाडवडिलांचाच आहे.

मृगाचा पाऊस पडतांच अंगठ्याएवढ्या जाडीचे, दीड वीत लांबीचे फांटे हात-हात अंतरानें अर्धे जमिनींत पुरावे. पहिल्या उन्हाळ्यांत मात्र अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावें. येथें हयगय केल्यास लागवड फसते. पुढें फारशी निगा लागत नाहीं. दरसाल छाटणी केल्यानें झुडूप दाट होतें.

१९७२ च्या दुष्काळांतील वणवण ज्यांस आठवते, त्यांस हंडाभर पाण्याचें मोल सांगावयास नको. तें शोभेवर खर्चावें कीं गुरांसाठीं राखावें, हें प्रत्येकानें आपल्या विहिरींत डोकावून ठरवावें.