पंचविसावा दिवस

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी पहिली विमाने उडाली तेव्हापासून आमच्या ओवे गावात, परदेशचे रुग्ण आता थेट आपल्या दाराशी उतरणार, अशी बोलणी वारंवार कानी पडतात, आणि ती ऐकताना मला मस्कतला राहणाऱ्या माझ्या भाचीची आठवण होते. बालपणी भाजल्याने गालावर राहिलेला व्रण काढून घेण्यासाठी ती मुंबईस आली ती केवळ खर्च थोडा म्हणून नव्हे, तर मनातले मराठीत सांगता येईल या भरवशावर. शस्त्रक्रिया निर्दोष झाली. परंतु रजा संपल्याने नवव्या दिवशी ती परतली, आणि दोन महिन्यांनी गालावरची शिवण लाल होऊन वर आली, तेव्हा तिच्या विचारणेला इस्पितळाच्या दफ्तरातून कारकुनाचे एकच उत्तर येई: डॉक्टर कळवतील. वस्तुतः नवा व्रण आधी असाच लाल होतो, फुगतो आणि निवळायला वर्ष-दीड वर्ष घेतो. पण सह्यांच्या घाईत हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते.

अशा वेळी मला कावसजीचे नाक आठवते. इंग्रज फौजेतला हा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून बसला, आणि पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला घडवून दिले; तो वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापला, आणि १८१४ साली कार्प्यू नामक सर्जनाने तिथे तोच प्रयोग केला. मेणाच्या पत्र्याने माप घेण्याच्या कौशल्याचे कौतुक सारेच करतात. मला त्यातला दिवसांचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. चार दिवस काताची पट्टी हलवायची नाही, मग तुपात भिजवलेल्या चिंध्या, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला कातडीचा जोड कापायचा. म्हणजे तोवर त्या कारागिराला रुग्णाच्या उशाशी येणे प्राप्तच होते. परदेशी रुग्णाला आज वैद्यकीय ई-व्हिसा ६० दिवसांचा मिळतो, तथापि शस्त्रक्रिया, हॉटेल आणि विमान यांची एकत्र तजवीज करणारे मध्यस्थ पुष्कळदा पंधरवड्यातच त्याची रवानगी करू पाहतात, हे मला गैर वाटते.

भाचीला तिसऱ्या महिन्यात सर्जनांनी स्वतः फोन केला, गाल खिडकीच्या उजेडाकडे वळवायला लावून पडद्यावर नीट निरखला, आणि हे असेच व्हायचे होते, वर्षभरात उतरेल, असे सांगितले. त्या रात्री ती मला म्हणाली, “मामा, माझं काम छान झालंय.” शिवण तेव्हाही तितकीच लाल होती.