घरी ठेवायचा कागद

दिवाळी सरली की मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रेकचे बेत सुरू होतात. तंबू कोण आणणार, गाडी कोणाची, पिठलं-भात कोण रांधणार यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगते. वाटेत कोणाला काही झालं तर काय करायचं, हा विषय मात्र कोणी काढत नाही. निघण्याआधीच असलं अभद्र कशाला बोलायचं, असं वाटतं. माझ्या मते तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

रतनगड ते हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक घ्या. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन, रतनगड, मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. सह्याद्रीत दोन-तीन दिवस मित्रांबरोबर काढायचे तर याहून देखणी वाट मला ठाऊक नाही. पण खिंडीच्या आसपास रान दाट आहे. मुख्य वाटेला ढोरवाटा फुटतात, आणि गुरांच्या पायांनी मळलेली ढोरवाट कित्येकदा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या सावलीतल्या रानात त्याआधीच काळोख होतो. म्हणून गावातला वाटाड्या घ्यावाच. कोणतं टाकं कधी आटतं, कुठल्या कड्याला आग्यामोहोळ लागलंय, हे त्याला विचारावं आणि तो सांगेल ते ऐकावं. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

आता कागदाचं. निघण्याआधी तो लिहावा आणि घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्यावा. बरोबर कोण कोण आहे, प्रत्येकाचा रक्तगट, कोणाला दमा, कोणाला मधुमेह, कोणत्या दिवशी कुठून कुठे जाणार, मुक्काम कुठे, वाटाड्याचा आणि गाडीवाल्याचा फोन. फोनमध्ये ठेवलेली माहिती दरीत रेंज गेली की घरच्यांच्या उपयोगाची राहत नाही.

त्याच कागदावर दोन वेळा लिहाव्यात. पहिली माघारीची: दुपारी एकपर्यंत खिंड गाठली नाही तर पुढे जायचं नाही, आल्या वाटेनं मागे फिरायचं. दुसरी घरच्यांसाठी: रविवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर हालचाल सुरू करायची.

माघारीची वेळ घरीच का ठरवायची? डोंगरात ती ठरत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्याचे पाय भरून आलेत तो नवखा मित्र लाजेपोटी गप्प राहतो. पुढे गेलेला दणकट मित्र वरून ओरडतो, ‘आलंच आता!’ आणि मैत्रीच्या भिडेपोटी सगळे अंधारात ओढले जातात. वेळ आधीच ठरलेली असली की मागे फिरण्याचा दोष कोणा एकावर येत नाही. ही वेळही सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांवरून काढावी, आणि ओळीत सर्वांत मागे अनुभवी माणूस ठेवावा. मित्रांची टोळी फुटली की अपघाताला वाट मिळते.

शेकोटीबद्दल माझं मत कडक आहे: ती पेटवूच नये. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. मुक्कामाला परवानगी कुठे आहे, हे आधी वनखात्याला विचारावं आणि स्वयंपाकापुरता छोटा स्टोव्ह मोकळ्या कातळावर पेटवावा. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आपल्याकडचं गवतही हिवाळा सरेपर्यंत तितकंच वाळलेलं असतं. शिवाय धुरानं आग्या माश्या उठतात. उग्र अत्तरं आणि बॉडी स्प्रेही याच कारणासाठी घरी ठेवावेत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत. दंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अवयव हलू न देता माणसाला उचलून आणावं आणि दवाखाना गाठावा. सर्पदंशाची लस रात्रीही मिळेल असा जवळचा दवाखाना कोणता, हे निघण्याआधी फोन करून विचारावं आणि कागदावर लिहावं. बाकी तयारी सगळ्यांना ठाऊक असते: माणशी तीन-चार लिटर पाणी, प्रत्येकाची स्वतःची हेडटॉर्च, शिट्टी, गरम कपडे.

लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं-माणसं कोणाचा तरी फोन आला की आपली कामं टाकून, रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. राज्यभरातल्या अशा पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरही आहे. त्यांचा पहिला प्रश्न असतो, शेवटचं कुठे दिसले होते? याचं उत्तर घरच्यांकडे नसेल तर त्या पथकाला एकाऐवजी चार दऱ्या धुंडाळाव्या लागतात, तेही अंधारात, स्वतःचा जीव धोक्यात घालून. तेव्हा या हंगामात निघणार असाल तर 112 आणि 108 च्या जोडीला या केंद्राचा क्रमांक घरच्यांना लिहून द्या, आणि गाडीत बसण्याआधी त्यांच्याकडून ती रात्री दहाची वेळ एकदा वदवून घ्या.