शेकडा तीन म्हणजे किती?

पेरणी आली की गावात एकच भाषा ऐकू येते, "शेकडा तीननं मिळाले." तीन ऐकायला हलकं वाटतं. पण हे महिन्याचं आहे भाऊ, वर्षाचे झाले ३६ टक्के.

समजा दागिना ठेवून जूनमध्ये ५०,००० उचलले. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापलं, हातात आले ४८,५००. व्याज मात्र पूर्ण पन्नासावर. सोयाबीन विकून सहा महिन्यांनी सोडवायला गेलात तर व्याजच ९,००० रुपये. भाव ४,५०० धरला तर दोन क्विंटल सोयाबीन फक्त व्याजात गेलं. वर मीटर चालू म्हणून माल ओलाच बाजारात न्यायचा अन् कटती सोसायची. तो तोटा कुणी व्याजात धरतच नाही!

आता पोरांकडं क्रेडिट कार्ड आलंय. मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्याला ते बरं आहे. पण कार्डावर एटीएममधून रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून, वर काढण्याची फी वेगळी. बऱ्याच कार्डांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० वर महिन्याला १,७५० व्याज अन् ३१५ जीएसटी. 'मिनिमम ड्यू' म्हणून २,५०० भरले तर मुद्दल उतरलं फक्त ४३५ रुपये. म्हणजे आपला सावकार परवडला म्हणायची पाळी.

आणि परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के अन् बिनतारणावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शासनानं ठरवलेला दर आहे हा. दागिन्याची पावती मागा. देत नसेल तर तिथंच काय ते ओळखा. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडं करता येते.

"मग बँकेत जा" म्हणणं सोपं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात शून्य टक्क्यानं पडतं, खरंय. पण जो बटईनं करतो, ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही, किंवा जुनं खातं थकलंय, त्याला दारात कोण उभं करतं? सावकार दहा मिनिटांत पैसे देतो, हे मान्य करूनच बोलायला पाहिजे. अशांनी निदान बँकेच्या सोनेतारणाचा वर्षाचा दर विचारून मगच दागिना बाहेर काढावा.

कृषी सहायक अन् सल्लागार मंडळींना एक विनंती. एकरी खर्चाचा तक्ता करताना बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं लिहिता. त्यात उसनवारीच्या व्याजाचा रकाना घाला, अन् पुढल्या बैठकीत तो शेतकऱ्याकडूनच भरून घ्या.