एरियलची मात्रा

हल्ली घरे बोलू लागली आहेत. भिंतीवरचे बटण दिव्याशी बोलते, दारावरची कळ घंटेशी बोलते, आणि मध्ये तार नावाला नसते. हे संभाषण ज्या चिमुकल्या तुकड्याच्या जिवावर चालते, त्या अँटेनाकडे, जुन्या माणसांच्या भाषेत एरियलकडे, कोणी ढुंकूनही पाहत नाही. बोलणे अडले म्हणजे मात्र आपण बाजारात जातो आणि सर्वांत लांब असेल तो दांडा उचलून आणतो.

आमच्या शेजारी हेच घडले. आजी तळमजल्यावर निजतात. रात्री त्यांनी गळ्यातली कळ दाबली की माडीवर सूनबाईंच्या खोलीत घंटा वाजावी, अशी योजना. ती कधी वाजे, कधी न वाजे. म्हणून चिरंजीवांनी हातभर लांबीचा, ‘जादा शक्तीचा’ दांडा आणून घंटेला लावला. घंटा आणखीच मुकी झाली! एका रात्री पाय घसरून आजी न्हाणीघराच्या दारात पहाटेपर्यंत कळ दाबीत बसल्या होत्या.

मराठी शिकवणाऱ्याने यात तोंड घालू नये, हे खरे. पण मला हे प्रकरण वृत्तासारखे वाटते. मात्रा वाढवल्या म्हणून ओळ गोड होत नाही, ती मोडते. एरियललाही मात्रा असते. ४३३.९२ मेगाहर्ट्झची लाट सुमारे ६९ सेंटिमीटर लांब. तिला तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरची सरळ तार पुरते. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या यंत्रांना साडेआठच्या आसपास, तर २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम ३. एकीची तार दुसरीला सहसा मानवत नाही. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार जागा वाचवते, पण बहुधा पल्ला थोडा खाते.

दुसरी गोष्ट, एरियल शक्ती निर्माण करीत नाही. आहे तीच वाटून देते. उभ्या तारेभोवती तिचा पसारा मेदूवड्यासारखा असतो. शेंड्याच्या रोखाने जवळजवळ काही नाही. ‘जादा शक्ती’ म्हणजे तोच वडा दाबून चपटा करणे. आडवा तो दूर पोहोचतो, वरखाली मात्र उपवास! पाठवताना जे, तेच ऐकताना. आणि शेजारचा तो दांडा तर आजींच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर ताठ उभा होता.

आता तेथे १७ सेंटिमीटरची साधी तार आडवी बसवली आहे, लोखंडी कपाटापासून चांगली दूर. मग सारी दारे लावून खाटेवरून, न्हाणीघरातून, जमिनीवर बसूनसुद्धा कळ दाबून पाहिली. प्रत्येक वेळी घंटा वाजली.

वाचकहो, या दिवाळीत अशी घंटा घरात आणणार असाल, तर दुकानात दांड्याची लांबी पाहण्याआधी घरातले म्हातारे माणूस कोठे निजते, आणि रात्री उठून कोठवर जाते, ते पाहून ठेवा.