मल्लेश्वरमची जुळी, तुमकुरूची जुळी

१२ मे २०१९ रोजी, रविवारी सकाळी सव्वानऊनंतर, बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या क्लाउडनाइन रुग्णालयात इरोम शर्मिला यांचं सिझेरियन झालं आणि मिनिटभराच्या अंतराने दोन मुली जन्मल्या. आई सत्तेचाळीस वर्षांची. तो दिवस नेमका 'मदर्स डे'चा निघाला, त्यामुळे वर्तमानपत्रांना मथळा आयता मिळाला. गोड बातमी म्हणून ती छापली गेली आणि दोन दिवसांत विसरलीही गेली. तिच्यात खरं तर दीडशे वर्षांचा वैद्यकाचा इतिहास होता आणि बाईच्या शरीरावर हुकूम कोणाचा, हा त्याहून जुना तंटा होता. दोन्हींकडे कोणी वळून पाहिलं नाही.

हे शरीर कुठून आलं ते आधी पाहू. २ नोव्हेंबर २००० रोजी इंफाळजवळच्या मालोम इथे बसथांब्यावर आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. अठ्ठावीस वर्षांच्या शर्मिला त्याच आठवड्यात उपोषणाला बसल्या. मागणी एकच, सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा 'अफ्स्पा' कायदा मागे घ्या. सरकारने कायदा ठेवला आणि बाईला उचललं. गुन्हा लावला आत्महत्येच्या प्रयत्नाचा, कलम ३०९. त्या कलमाला जास्तीत जास्त वर्षभराची कैद, म्हणून वर्ष भरलं की सोडायचं आणि पुन्हा धरायचं. इंफाळच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयातली एक खोली हाच तुरुंग, आणि नाकातून पोटात गेलेली नळी हेच जेवण. हे जवळपास सोळा वर्षं चाललं. ९ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी तळहातावर घेतलेल्या मधाचं बोट चाटून उपोषण सोडलं, तेव्हा ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्यातलेच काही जण नाराज झाले. राहायला कोणी जागा देईना, म्हणून बाई परत रुग्णालयातच गेल्या. पुढच्या वर्षी थौबलमधून त्या मुख्यमंत्र्यांविरुद्ध विधानसभा लढल्या आणि त्यांना ९० मतं पडली. आपल्याकडे उपास करणाऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवायला लोक एका पायावर तयार असतात. तीच उठून जेवायला बसली की तिचा हिशोब मांडला जातो.

मग त्यांनी डेस्मंड कुटिन्हो यांच्याशी लग्न केलं. ते मूळचे गोव्याचे, नागरिकत्वाने ब्रिटिश. लग्न ऑगस्ट २०१७ मध्ये कोडाईकनालला झालं आणि त्यालाही हरकती आल्या. ही बाई इथे राहिली तर शांतता बिघडेल, असा अर्ज कोणीतरी उपनिबंधकाकडे केला होता. नंतर जोडपं बंगळुरूला आलं. या शहराची एक गोष्ट बरी आहे. मल्लेश्वरमच्या रस्त्यावर तुम्ही कोण, कुठले, उपाशी का होतात, असं विचारायला फारसा कोणाला वेळ नसतो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी जुळी होणं आणि आई-मुली तिघी धडधाकट घरी जाणं हे आज इतकं सरावाचं झालंय की त्यात नवल वाटत नाही. शतकानुशतकं पोट फाडून मूल काढणं म्हणजे आई गेल्यावर करायचं काम होतं. सुश्रुतसंहितेतसुद्धा ही सूचना मेलेल्या आईच्या पोटातल्या हलत्या गर्भासाठी आहे. जिवंत बाईवर हे केलं तर रक्तस्रावाने किंवा नंतरच्या जंतुसंसर्गाने ती बहुधा जायचीच. १८७६ मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे एदुआर्दो पोर्रो यांनी बाई वाचवली, पण त्यासाठी गर्भाशयच कापून काढावं लागलं. १८८२ मध्ये लाइप्झिगच्या माक्स झेंगर यांनी दाखवून दिलं की गर्भाशयाला नीट टाके घातले तर ते जागेवर राहू शकतं. आज ऐकताना हसू येईल, पण तोवर बरेच शल्यविशारद गर्भाशयाची चीर न शिवताच पोट बंद करायचे. खालच्या भागात आडवी चीर घ्यायची पद्धत ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात रुजवली. रक्तपेढ्या आणि पेनिसिलिन त्याच्याही नंतर आलं. आपल्याकडे त्रावणकोरमध्ये डॉ. मेरी पुन्नन लुकोस यांनी १९२० मध्ये सिझेरियन केलं, त्या संस्थानातलं ते पहिलं मानलं जातं.

बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० मध्ये उघडलं आणि त्याच्या शेजारी, जुन्या किल्ल्यालगत, बायका-मुलांसाठी वाणीविलास रुग्णालय १९३५ मध्ये आलं. नाव राजमाता वाणीविलास यांचं. मुलगा लहान असताना त्यांनीच म्हैसूरचा कारभार चालवला होता. त्याच म्हैसूर संस्थानातल्या शिवमोग्याला १८९१ मध्ये एका बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात जेरुशा झिराड जन्मल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या, आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्यांचं एक काम मला शस्त्रक्रियांपेक्षा मोठं वाटतं. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात दगावलेल्या बायकांच्या मृत्यूंची चौकशी केली. कोण मेली, कुठे मेली, मरायच्या आधी कुठे कुठे नेली होती. प्रत्येक मृत्यूमागची वाट शोधायची, हे तत्त्व आज आपण माता मृत्यू अन्वेषण अशा भारदस्त नावाने सरकारी परिपत्रकांत वाचतो.

त्याच्या थोडं आधी, १९२८ पासून, ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीकामगार गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा माग काढत होत्या. रक्त इतकं पातळ का होतं? उत्तर आहारात सापडलं. यीस्टच्या अर्काने, बाजारातल्या मार्माइटने, बायका सुधारल्या. त्यात जो घटक होता त्याला पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणू लागले. आज गावोगावच्या आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लोह-फॉलिकची गोळी ठेवतात तिचा एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावात जातो. पोटात दोन जीव असले की ही गोळी जास्तच लागते, कारण दोन्ही बाळं आईच्याच रक्तातून घेतात.

जुळ्यांचं सिझेरियन आतून कसं दिसतं तेही बघायला हवं. पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन देतात. कमरेखालचं अंग बधिर, आई मात्र जागी. समोर हिरवा पडदा. चीर घेतल्यावर काही मिनिटांत पहिलं बाळ बाहेर येतं, त्याच्या नाळेला एक चिमटा लावतात. मग दुसरी पिशवी. पहिल्याने जागा सोडली की दुसरं कधी कधी ऐनवेळी आडवं फिरतं. तेव्हा डॉक्टर हात आत घालून आधी पाऊल चाचपतात, हात नाही ना याची खात्री करतात, आणि पायाने बाहेर घेतात. आपल्या आज्या याला पायाळू म्हणायच्या आणि विजा चमकताना त्या पोराला घरात ओढायच्या. दुसऱ्या नाळेला दोन चिमटे, म्हणजे रक्ताचे नमुने घेताना घोटाळा नको. दोन वॉर्मर, दोन बालरोगतज्ज्ञ. खरी धास्ती यानंतरची. दोन बाळांनी ताणलेलं गर्भाशय आकसायला वेळ लावतं, आणि भरल्या दिवसांत तिथून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि हाताशी असलेल्या रक्ताच्या पिशव्या यांच्यावर बाई वाचते. चीर कोणीही शिकलेला घेईल. पुढच्या दहा मिनिटांसाठी रुग्णालय लागतं.

जुळी म्हणजे सिझेरियनच, असं आता शहरांत धरूनच चालतात. शास्त्र मात्र तसं म्हणत नाही. टोरांटोच्या जॉन बॅरेट यांच्या गटाने २५ देशांतल्या सुमारे २८०० बायकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका कमी होत नाही, असं त्यात निघालं. गंभीर इजा किंवा मृत्यू ठरवलेल्या सिझेरियनमध्ये २.२ टक्के, ठरवलेल्या नैसर्गिक बाळंतपणात १.९. अर्थात नैसर्गिक बाळंतपण ठरलेल्यांतल्याही ४४ टक्के बायकांना शेवटी सिझेरियन करावंच लागलं. मतलब इतकाच की ऐनवेळी थिएटर शेजारी हवं. वय, रक्तदाब, बाळांची ठेवण पाहून कोणाचं काय करायचं ते ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि शर्मिला यांच्याबाबत ते त्यांच्या डॉक्टरांनी केलं. त्यावर बाहेरून शेरा मारण्यात अर्थ नाही.

'सिझर फार वाढली' ही ओरड खरी आहे, पण ती अर्धीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. खासगीत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. कर्नाटक ३१.५ वर, महाराष्ट्र २५.४ वर. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ आणि कर्नाटकात ६९. जिथे सिझेरियन जास्त तिथे आया दुपटीने मेल्या. शस्त्रक्रियेने त्या मेल्या असा याचा अर्थ अजिबात नव्हे. शस्त्रक्रिया एकीकडे वाढत होत्या आणि जिला गरज ती बाई दुसरीकडे होती, हा अर्थ.

ती कुठे होती ते नोव्हेंबर २०२२ मध्ये कळलं. बंगळुरूपासून सत्तर किलोमीटरवर तुमकुरू. तामिळनाडूतून आलेली एक गरीब गरोदर बाई, पोटात जुळी. कळा सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी पैसे जमवून तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिच्याकडे आधार कार्ड नव्हतं, आणि कर्नाटकात गरोदर नोंदणीचं जे 'तायी कार्ड' असतं तेही नव्हतं. दाखल करून घेतलं नाही. बंगळुरूला जा, म्हणाले. बंगळुरूला जायला पैसे नव्हते. ती घरी परतली, घरीच बाळंत झाली, आणि आई व दोन्ही बाळं गेली. डॉक्टर आणि परिचारिका निलंबित झाल्या, मंत्री आले, कागदपत्रांअभावी कोणाला परत पाठवू नये असे आदेश निघाले. आदेश आधीही असेच होते. कागद नसला तरी अडलेली बाई आत घ्यावी, हे सांगायला नवं परिपत्रक का लागतं, ते काही कळत नाही.

एका बाईने जेवायचं नाही म्हटलं, तर सोळा वर्षं रोज नळी, पहारा, वकील, तारखा, औषधं, सगळा सरकारी सरंजाम बिनबोभाट चालला. कागद मागायचा प्रश्नच आला नाही, उलट कागद सरकारच तयार करत होतं. दुसरी बाई मला आत घ्या म्हणत दारात उभी होती, तेव्हा तोच सरंजाम एका कार्डापाशी अडला. सरकारं वेगळी, राज्यं वेगळी, हे मान्य. सवय तीच आहे. बाईच्या शरीराची फाइल असेल तर ते सरकारचं, फाइल नसेल तर कोणाचंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला संमती तिचीच लागते. तरी आजही अनेक प्रसूतिगृहांत नर्स फॉर्म घेऊन आधी बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे जाते.

आत घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर एकापाठोपाठ बाळंतिणी दगावल्या आणि संशय सलाईनच्या बाटल्यांवर गेला. झिराड यांची चौकशीची रीत तिथेही लागते. बाटली कोणती, तुकडी कोणती, खरेदी कोणी केली, तपासली कोणी.

सिझेरियनचा हिशोब ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रॉबसन वर्गीकरण सुचवलं. प्रत्येक बाळंतीण दहापैकी एका गटात बसते. जुळी-तिळी सगळी आठव्या गटात. हा तक्ता दर महिन्याला प्रत्येक प्रसूतिगृहाने, खासगी असो की सरकारी, दारावर लावायला हरकत नसावी. नफ्यासाठी कुठे कापाकापी होते आणि कुठे गरज असून होत नाही, दोन्ही त्यात दिसेल. पण मल्लेश्वरमची बाई त्या आठव्या गटात मोजली जाईल आणि तुमकुरूची मोजली जाणार नाही, कारण तक्ता दाखल झालेल्यांपासून सुरू होतो. म्हणून त्याच्याशेजारी आणखी एक वही लागेल. परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची तारीख, वेळ, किती महिन्यांची होती, कुठे जायला सांगितलं, कोणत्या गाडीने गेली, आणि सांगणाऱ्याची सही.